गिल्बर्ट हिल: अंधेरीच्या काळ्या खांबांचे वय आणि त्यांचा खरा धोका

अंधेरी पश्चिमेला दुकाने, चाळी आणि नव्या इमारती यांच्या दाटीतून एक काळा कातळ ओळंबा लावून उभारल्यासारखा सरळ वर गेलेला आहे. त्याची उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे २०० फूट आहे. माथ्यावर गावदेवीचे आणि दुर्गामातेचे देऊळ आहे, लहानशी बाग आहे, आणि वर जाण्यासाठी कातळातच खोदलेल्या पायऱ्या आहेत. नकाशात त्याचे नाव गिल्बर्ट हिल असे असले, तरी भोवतालची जुनी माणसे आजही त्याला गावदेवी डोंगरी म्हणतात. विद्यार्थ्यांना घेऊन मी अनेक वर्षे इथे येत आलो आहे, आणि दर वेळी कोणीतरी तोच प्रश्न विचारतो: “सर, हा ज्वालामुखी आहे ना, मग तो पुन्हा फुटेल का?” प्रश्न अगदी योग्य आहे. त्याला नुसते ‘नाही’ म्हणून थांबलो, तर मुले निर्धास्त होऊन घरी जातात आणि या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना जो धोका आहे तो झाकलेलाच राहतो. म्हणून हे प्रकरण मुळापासून, म्हणजे खडकापासून मांडतो.

पायथ्याशी पडलेला एखादा तुकडा उचलून पाहावा. बाहेरची साल तपकिरी असते आणि ती नखाने खरवडली तर पिवळट माती हाताला लागते. तोच तुकडा ताज्या फुटीवर निळसर काळा आणि चांगला जड लागतो. भिंगाखाली काळ्या पृष्ठभागावर पांढुरक्या, काडीसारख्या बारीक कण्या चमकतात. ती फेल्डस्पार नावाची खनिजे. हा बेसाल्ट, आपल्या रोजच्या बोलीतला काळा दगड. मान वर करून पाहिले की हाच दगड उभ्या खांबांची जुडी बांधल्यासारखा दिसतो. प्रत्येक खांबाला पाच किंवा सहा बाजू, आणि दोन खांबांच्या मध्ये एक बारीक फट. या फटी लक्षात ठेवाव्यात, कारण डोंगराचे सौंदर्यही त्यांच्यामुळे आहे आणि पुढे सांगायचा धोकाही त्यांच्यातूनच येतो.

लाव्हा थंड होताना आकसतो, आणि आकसताना त्याला तडे जातात. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळला की त्याच्यावर जशी बहुकोनी नक्षी पडते, तशीच नक्षी आधी थंड होणाऱ्या पृष्ठभागावर पडते, आणि आतला भाग जसजसा निवत जातो तसतसे ते तडे पृष्ठभागाशी काटकोन करून आत उतरत जातात. बेसाल्टमध्ये हे तडे सुमारे ८४० ते ८९० अंश सेल्सियस तापमानाला पडतात, असे लिव्हरपूल विद्यापीठातल्या प्रयोगांतून २०१८ साली दिसून आले. म्हणजे खडक घट्ट झालेला असतो, पण अजून चांगलाच तापलेला असतो. गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत, यावरून त्यांना थंड करणारे पृष्ठभाग आडवे होते, एक वर आणि एक खाली, हे कळते. खांब एवढे लांब आहेत, यावरून निवणारे लाव्हाचे अंग जाड होते आणि ते सावकाश निवले, हेही कळते. साठ मीटर जाडीचे अंग मध्यापर्यंत निवायला साध्या हिशेबानेसुद्धा काही दशके लागतात. तेव्हा हा काही ज्वालामुखीचा सुळका नव्हे, की त्याचे तोंडही नव्हे. एका जाड, स्वस्थपणे थंड झालेल्या थराचा हा उरलेला तुकडा आहे.

डेव्हिल्स टॉवर या अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या प्रसिद्ध कातळाशी गिल्बर्ट हिलचे नाते नेहमी जोडले जाते. दिसण्यापुरते ते खरे आहे, पण तो कातळ बेसाल्टचा नसून फोनोलाइट नावाच्या वेगळ्या खडकाचा आहे. कॅलिफोर्नियातले डेव्हिल्स पोस्टपाइल मात्र बेसाल्टचेच आहे, फक्त त्याचे वय एक लाख वर्षांच्या आतबाहेर आहे. आपल्या डोंगराच्या मानाने ते कालचे पोर म्हणावे लागेल. मला स्वतःला याहून जवळचे उदाहरण महत्त्वाचे वाटते, ते कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांचे. तिथले खांब सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि मादागास्कर भारतापासून तुटला त्या घडामोडीशी त्यांचा संबंध आहे. अंधेरीचा कातळ अशाच दुसऱ्या एका ताटातुटीचा साक्षीदार आहे, आणि इथे वयाचा प्रश्न येतो.

बहुतेक ठिकाणी गिल्बर्ट हिलचे वय ६ कोटी ६० लाख वर्षे असे लिहिलेले आढळते, आणि त्याला जोडून हा डायनासोरच्या काळातला दगड असल्याचेही सांगितले जाते. हा आकडा दख्खनच्या लाव्हांचा आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग आणि शेजारच्या राज्यांचे काही भाग मिळून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले हे लाव्हांचे थर बहुतांशी दहा लाख वर्षांच्या आतच साचले, आणि तो काळ ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे पडतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर ही सगळी त्याच थरांची उंची आहे. घाटात कड्यांच्या ज्या पायऱ्या दिसतात, त्यांवरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्राप्पा’ म्हणतात. मुंबईसुद्धा याच पसाऱ्यात मोडते, म्हणून तोच आकडा अंधेरीलाही चिकटवला गेला.

परंतु मुंबईचा खडक घाटापेक्षा वेगळा वागतो, आणि हे ओळखायला प्रयोगशाळेचीही गरज नाही. पुण्याकडून बोरघाट उतरताना थर आडवे असतात, तर पनवेल ओलांडून पश्चिमेला आले की ते समुद्राकडे कलू लागतात. या वाकणीला भूवैज्ञानिक पनवेल फ्लेक्शर म्हणतात. मालाड, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात तर काळ्या दगडाच्या जोडीला ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे, सिलिका जास्त असलेले खडक सापडतात, जे घाटमाथ्यावर सहसा दिसत नाहीत. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा करडा दगड शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीपाशी जावे. एकाच इमारतीत शहराचे दोन ज्वालामुखी खडक जडवलेले आहेत. काही ठिकाणी लाव्हा पाण्यात शिरून उशांच्या थप्पीसारखा गोठलेला आहे. वरळीला दोन लाव्हांच्या मध्ये गाळाचे पातळ थर मिळाले आणि त्यांत लहान बेडकांचे जीवाश्म होते. त्यांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत इथे उथळ पाणथळी होत्या आणि त्यांत बेडूक नांदत होते, इतका अवधी त्या शांततेला मिळाला होता. मुंबईतल्या उद्रेकांचा इतिहास असा थांबत थांबत घडलेला आहे.

भूवैज्ञानिक हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली गिल्बर्ट हिलच्या बेसाल्टचे वय आर्गॉन पद्धतीने मोजले. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार १२५ कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने क्षय पावतो आणि त्यातला काही भाग आर्गॉन वायू होऊन खडकाच्या स्फटिकांत अडकून राहतो. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवला की त्यातले साधे पोटॅशियमही आर्गॉनच्या दुसऱ्या प्रकारात बदलते, आणि मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही आर्गॉनचे प्रमाण एकाच यंत्रावर मोजता येते. उत्तर आले ६ कोटी ५ लाख वर्षे, आणि त्यात इकडेतिकडे १२ लाख वर्षांची मर्यादा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या ट्रॅकाइटच्या दोन मोजण्या ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख वर्षे अशा होत्या. पुढे २०१७ साली मुंबईच्या बेसाल्टवर झालेल्या मोजण्यांतून सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा जोरदार टप्पा होऊन गेल्याचे दिसले. मोजमापाच्या मर्यादा धरूनही ही सारी वये घाटातल्या मुख्य उद्रेकानंतरची ठरतात. याचा अर्थ असा, की अंधेरीचा हा काळा कातळ गोठला तेव्हा डायनासोर नाहीसे होऊन काही दशलक्ष वर्षे लोटली होती.

हा फरक किरकोळ वाटू शकतो, पण मला तो या प्रकरणातला सर्वांत अर्थपूर्ण भाग वाटतो. सुमारे ६ कोटी ३० लाख ते ६ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सेशेल्सची बेटे आणि त्यांच्याबरोबरचा भूखंडाचा तुकडा भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटून दूर जाऊ लागला. किनारा ताणला गेला, कवच पातळ झाले, थर समुद्राकडे वाकले आणि त्या ताणातून शिलारसाला वर येण्याच्या नव्या वाटा मिळाल्या. सेशेल्समधल्या सिल्हूट बेटावर सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांचे अग्निजन्य खडक आहेत. ते आणि आपले मालाड-मनोरीचे खडक यांचा जन्म एकाच ताटातुटीतला. ६ कोटी ६० लाख हा आकडा लिहून मुंबईची ही स्वतःची कहाणीच आपण पुसून टाकतो. शहरातल्या शाळांत तरी हा आकडा दुरुस्त झाला पाहिजे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. दख्खनच्या उद्रेकांना ज्या उष्ण स्रोताने शिलारस पुरवला, त्याच्यावर आज हिंदी महासागरातले रियुनियन बेट आहे, आणि तिथला पिटॉन दे ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वाधिक वेळा उद्रेक होणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. मधल्या काळात भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत राहिल्यामुळे मुंबई त्या बेटापासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर आली आहे. चूल मागे राहिली आणि तवा पुढे गेला. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी म्हणजे अंदमानातले बॅरन बेट, ज्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची आहे आणि जो दीर्घ शांततेनंतर १९९१ साली पुन्हा जागा झाला. त्याची कारणे मात्र वेगळी आहेत, कारण तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोलीची गरम पाण्याची कुंडे पाहून खाली अजून शिलारस असावा असे अनेकांना वाटते. ते पावसाचेच पाणी आहे; भेगांतून खोल उतरून, तापून वर आलेले. त्याला शिलारसाची गरज लागत नाही. तेव्हा गिल्बर्ट हिल पुन्हा फुटणार नाही, हे उत्तर पूर्ण खात्रीने देता येते.

पडण्याचे मात्र तसे सांगता येत नाही. हा कातळ निसर्गाने असा एकटा उभा केलेला नाही. इथे अशा खांबांची एक लांब सोंड होती, शेजारच्या जोगेश्वरीतही असेच खांब होते, आणि खडीसाठी ते फोडले गेले. वाढत्या मुंबईला काँक्रीट हवे होते, काँक्रीटला खडी हवी होती, आणि खांबांचा दगड फोडायला सोपा होता, कारण फटी निसर्गानेच पाडून ठेवल्या होत्या. पायथ्याला सुरुंग लावला की उभाच्या उभा खांब खाली येई. आज आपण ज्या उघड्या काळ्या भिंतीचे कौतुक करतो, ती खदानीने कापून काढलेली भिंत आहे. खदान नसती तर हे खांब इतके स्पष्ट दिसलेच नसते, हेही तितकेच खरे आहे. पण खांबांना बाजूने धरून ठेवणारा दगड निघून गेला, हे त्याहून महत्त्वाचे.

मुंबईत डोंगराचा धोका म्हटले की आपल्याला दरडी आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरला दरड कोसळून साठांहून अधिक माणसे गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि साकीनाक्याच्या वस्तीवर टेकडी उतरली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत तेच घडले. शहराबाहेर माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावे तर जखमेसारखी आहेत. हे सगळे डोंगर दख्खनच्या लाव्हांचेच आहेत, परंतु अशा बहुतेक घटनांत सरकला तो कातळावरचा मुरूम आणि माती, म्हणजे कुजलेला बेसाल्ट. पाऊस मुरला की तो फुगतो, जड होतो आणि उतारावरून एकसंध खाली येतो.

गिल्बर्ट हिलवर मुरुमाचे आवरण फारसे नाही, म्हणून तिथल्या धोक्याला दरडीचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे धोका उभा खांब कलंडण्याचा किंवा त्याचा तुकडा सुटण्याचा आहे. खांबाच्या पाठीमागची फट पावसात भरली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, तर दहा मीटर खोलीच्या फटीच्या तळाशी पाणी दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांचा दाब देते, आणि तो दाब खांबाला मोकळ्या बाजूला, म्हणजे वस्तीकडे ढकलतो. पिंपळाची आणि उंबराची मुळे त्याच फटींत शिरून पाचरीचे काम करतात. तपकिरी सालीची पिवळी माती होत जाते तशी खांबाखांबांतली पकड सैल होते. बेसाल्टचा एक घनमीटर तुकडा तीन टनांच्या जवळपास भरतो, आणि चाळीस मीटरवरून सुटलेला कोणताही दगड जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटर झालेला असतो. पायथ्यापासून काही पावलांवर घर असलेल्या माणसाला बाजूला सरकायलाही वेळ मिळणार नाही. भूकंपाचे धक्केही हिशेबात धरावे लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने मुंबईलाही हादरवले होते.

पावसाळ्यानंतर मी इथे जातो तेव्हा भिंतीच्या बुंध्याशी तळहाताएवढ्या खपल्या पडलेल्या दिसतात. त्यांची एक बाजू ताजी काळी असते आणि दुसरी तपकिरी. म्हणजे ती दुसरी बाजू बराच काळ फटीच्या आत, पाण्याच्या संगतीत होती. या खपल्यांनी कोणाला इजा होत नाही. पण खांबाची साल कुठे सुटते आहे हे त्या अचूक दाखवतात, आणि त्यांची जागा, संख्या व तारीख यांची नोंद ठेवली, तर तीच उपयोगाची आधारसामग्री ठरेल.

भूवैज्ञानिकांच्या पाठपुराव्यानंतर २००७ साली मुंबई महापालिकेने गिल्बर्ट हिलला दुसऱ्या श्रेणीचा वारसा दर्जा दिला. मुंबईची वारसा नियमावली १९९५ सालची, देशातली पहिली; तिच्यात दगडी इमारतींच्या पंक्तीत एका निसर्गनिर्मित कातळाला जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही इमारत आणि कातळ यांत एक फरक राहतो. इमारतीचा पाया तिच्या भिंतींच्या खालीच असतो, तर कातळाचा आधार त्याच्या भोवतालच्या जमिनीतही असतो. शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खोल खोदाई झाली, यांत्रिक ब्रेकरने कातळ फोडला गेला किंवा पावसाचे पाणी वळवून बुंध्याशी सोडले गेले, तर डोंगराला कोणी हातही न लावता त्याची स्थिती बिघडू शकते. म्हणून रक्षणाची रेषा कातळाच्या कडेला न थांबवता बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यापर्यंत न्यावी, असे माझे मत आहे. त्या पट्ट्याची रुंदी ठरवताना वरून पडलेला दगड किती लांब उडतो, याचा हिशेब हाच आधार असावा. तिथे आज राहणाऱ्यांना आधी पर्यायी घर द्यावे लागेल. ते न देता आखलेली रेषा कागदावरच राहील आणि त्यांच्यावर अन्यायही करील.

भिंतीवर जाळी ठोकणे किंवा तिच्यावर काँक्रीटचा फवारा मारणे, हा उपाय पटकन सुचतो. घाटरस्त्यांवर जाळ्या उपयोगी पडल्या आहेत. पण फवारलेल्या काँक्रीटने फटींची तोंडे बुजली आणि पाण्याला नळ्यांनी वाट दिली नाही, तर आतला दाब वाढेल, आणि खांबांची ती भिंत, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, तीही झाकली जाईल. त्याआधी माथ्यावरचे पाणी आवरणे स्वस्त आणि अधिक गरजेचे आहे: बागेला घातलेले पाणी, देवळांच्या छपरांवरून येणाऱ्या पागोळ्या आणि पायऱ्यांवरून वाहणारा लोट पन्हळीत घेऊन भिंतीपासून दूर सोडावा. फटींतली रोपटी दर वर्षी कोवळी असतानाच काढावीत, कारण मूळ जाड झाल्यावर ते उपटणेही धोक्याचे ठरते.

मग मोजणी. ड्रोनने भिंतीची छायाचित्रे घेऊन प्रत्येक खांबाचा आणि फटीचा त्रिमिती नकाशा करता येतो, आणि दोन वर्षांचे नकाशे एकमेकांवर ठेवले की निसटलेला तुकडा लगेच दिसतो. त्याच्या जोडीला एक जुनी, साधी पद्धतही आहे, जी शहरातल्या जुन्या इमारतींच्या भेगांवर इंजिनिअर नेहमी वापरतात: फटीच्या दोन्ही काठांवर सिमेंटच्या थापीने काचेची पातळ पट्टी आडवी बसवायची, तिच्याशेजारी तारीख लिहायची आणि दर पंधरवड्याला पाहायचे. फट जराशी जरी सरकली तरी काच तडकते. बुंध्यापासून हाताला लागतील अशा फटींवर अशा पट्ट्या मे महिन्यात, पावसाच्या आधी बसवल्या, तर ऑक्टोबरपर्यंत कोणता खांब हलतो आहे हे पायथ्याशी राहणाऱ्या माणसालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.